सेप्टिक टँक की दोन खड्डे? कोकणात घर बांधताना

घराचा प्लॅन होतो, चिरे येऊन पडतात, आणि मैलापाणी कुठे सोडायचं हे गवंड्यावर सोपवलं जातं. कोकणातल्या वाड्यांना भुयारी गटार नाही, बहुतेक नगरपंचायतींतही नाही. म्हणजे जे होणार ते आपल्याच आवारात, आणि त्याच आवारात विहीर. दारात नळ आला तरी मे महिन्यात पाणी एक दिवसाआड झालं की पंप पुन्हा विहिरीवरच लागतो. म्हणून हा निर्णय जितका संडासाचा, तितकाच पिण्याच्या पाण्याचा आहे.

आमच्या आगरात दोन खड्डे आहेत, म्हणजे एक भरला की दुसरा वापरायचा अशी जोडी, आणि माझा कलही तिकडे आहे. पण प्रत्येक जागेला ते चालतीलच असं नाही.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. टाकीत गाळ खाली बसतो, साय वर येते आणि मधलं पाणी पुढे जातं. रोगजंतू त्या पाण्यात बऱ्यापैकी शाबूत असतात. त्यामुळे टाकीच्या पुढे पाणी मुरवणारा शोषखड्डा लागतोच. दोन्ही पद्धतींत पाणी शेवटी जमिनीतच मुरतं. फरक आहे तो गाळाचा: तो कुठे साठतो आणि कोण, कसा काढतो.

पाच माणसांच्या घराला टाकी आतून 1.5 मीटर लांब, 75 सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली साधारण 1 मीटर एवढी पुरते. टाकीला तळ हवा, आतून सिमेंटचा गिलावा हवा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला ‘टी’ आकाराचा जोड हवा, आणि बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा 5 सेंटिमीटर खाली हवा. आपल्याकडे यातला तळच बहुधा वगळला जातो. जांभ्यात खोल खड्डा खणायचा, चारी बाजूंनी चिरे लावायचे, वर स्लॅब टाकायचा आणि त्याला सेप्टिक म्हणायचं. ‘वीस वर्षं उपसावी लागली नाही’ असं कौतुकाने सांगितलं जातं, तेव्हा टाकी गळते आहे एवढाच त्याचा अर्थ.

बरोबर बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडा आणि बाहेर काढून काळा भाग मोजा. गाळ एकतृतीयांश खोलीपर्यंत आला असेल तर वेळ झाली. माझ्या मते सगळं अडतं ते इथे. आपली घरं उतारावर, आणि घराकडे जाते ती पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. उपसणाऱ्या गाडीला पायऱ्या उतरता येत नाहीत, तिचा पाइप वरच्या रस्त्यापासून परसापर्यंत पुरत नाही, आणि पुरला तरी तेवढ्या खोलीतून दाट गाळ ओढताना पंप दमतो. गाडी नगरपरिषदेची असो वा खासगी, पावसाळ्याआधी सगळ्यांना एकदमच हवी असते. मग टाकी तुंबते आणि कुणीतरी ‘गडी उतरवू’ म्हणतो. तसं कधीच करू नका. टाकीतला वायू माणसाला दोन श्वासांत आडवा करतो, वाचवायला उतरणाराही त्यातच जातो, आणि हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे.

गाडी आलीच तर गाळ नेते कुठे, हेही विचारायला हवं. प्रक्रिया केंद्र जवळ नसेल तर तो सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, ओतला जाण्याची भीती असते. सड्याचा जांभा सच्छिद्र. त्यावर पडलेलं पाणी आत मुरतं आणि खाली पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतं. तोच झरा खालच्या वाडीची विहीर भरतो.

दोन खड्ड्यांत ही गाडीच लागत नाही. पाच-सहा माणसांना प्रत्येक खड्डा आतून 1 मीटर व्यासाचा आणि पाइपाखाली 1 मीटर खोल. दोघांमध्ये किमान 1 मीटर जमीन सोडायची. कडेला चिरे लावताना एकाआड एक थरात दोन इंचांच्या फटी ठेवायच्या, तळ मातीचाच ठेवायचा. पाइपला 10 फुटांना 1 फूट उतार द्यायचा. मध्ये वाय आकाराची कुंडी बांधून तिचं एक तोंड विटेने आणि मातीने बंद करायचं, म्हणजे एका वेळी एकाच खड्ड्यात पाणी जातं. पहिला खड्डा भरायला तीन वर्षं किंवा जास्तच लागतात. मग तोंड बदलायचं आणि भरलेला खड्डा दोन पावसाळे तसाच ठेवायचा. कागदावर दीड वर्ष पुरतं, पण आपली जमीन चार महिने ओली असते आणि जंतांची अंडी चिवट असतात, म्हणून दोन पावसाळे. मार्च-एप्रिलमध्ये उघडलं की आत काळसर, भुसभुशीत माती मिळते. तिला वास नसतो, आणि फावड्याने, हातमोजे घालून, घरच्या घरी काढता येते. ती माडाच्या आळ्यात घाला; मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाण्याच्या भाजीला नको.

ही पद्धत बिघडते ती बहुधा एकाच कारणाने. गवंडी दोन्ही तोंडं उघडी ठेवतो, किंवा पहिल्या खड्ड्याचं पाणी दुसऱ्यात सोडतो. दोन्ही एकदम भरतात आणि कुजायला वेळ मिळालेला खड्डा एकही उरत नाही. काम झाल्यावर कुंडीचं झाकण उघडून स्वतः बघा. मोरीचं पाणी खड्ड्यात सोडू नका, ते वेगळं काढून केळी-अळूकडे वळवा. भांडं जास्त उताराचं घ्या, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. टाकीवाला कमोड हवाच असेल तर दर वेळी त्याच्या तिप्पट-चौपट पाणी जाईल हे धरून चला.

खड्ड्यांची खरी कसोटी भाद्रपदात लागते. जमीन पाण्याने भरलेली, आणि चार माणसांच्या घरात गणपतीला पंधरा माणसं. खड्ड्यातलं पाणी मुरत नाही, भांड्यात पाणी हळू उतरतं. त्या दिवसांत दुसरा खड्डा उघडण्याचा मोह आवरावा, आंघोळीचं पाणी तर मुळीच सोडू नये. ओघ कमी झाला की आठवडाभरात सावरतं. सेप्टिकलाही हा ओघ झेपत नाही. पाणी टाकीत दिवसभर थांबायला हवं, ते न थांबता गाळासकट शोषखड्ड्यात जातं. फक्त ते लगेच दिसत नाही, आणि मग शोषखड्डा कायमचा बुजतो.

विहिरीपासून अंतर दोन्हींना लागतं. सेप्टिकच्या शोषखड्ड्यासाठी 18 मीटर हा नियम आहे. दोन खड्ड्यांना मऊ, बारीक मातीत 10 मीटर चालतात, तेही तळाखाली आणखी 2 मीटरपर्यंत पाणी लागत नसेल तर. भेगा-पोकळ्यांच्या जांभ्यात या आकड्यांवर विसंबू नये. तिथे खड्डा विहिरीपेक्षा खालच्या उताराला घ्या, तळ सिमेंटने बंद करा आणि भोवती अर्धा मीटर बारीक रेतीचा थर द्या. पाण्याची पातळी श्रावणात मोजा. मे महिन्यातली विहीर बघून खणलेला खड्डा जुलैत पाण्यात उभा असतो. ग्रामपंचायतीकडून पाणी तपासणीची बाटली मिळाली तर तीही पावसातच लावा. बाटलीतलं पाणी काळं पडलं, म्हणजे दूषित निघालं, तर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून वेळ निभावते, कारण मात्र तसंच राहतं.

पुळणीवर किंवा खाडीकाठी, जिथे हातभर खणलं की पाणी लागतं, तिथे मीही खड्डे सुचवणार नाही. तिथे तळासकट पक्की टाकी बांधा, शोषखड्डा जमिनीवर भर घालून उंच घ्या, आणि गाडी दारापर्यंत येईल अशी जागा सोडा. हवेच्या पाइपाला डासांची जाळी बांधा, नाहीतर क्युलेक्स डासांची पैदास तिथूनच होते. टाकी प्लॅस्टिकची असेल तर पावसाळ्यात रिकामी करू नका, खालच्या पाण्याने ती वर उचलली जाते. आणि घर रस्त्यालगत असेल, विहीर लांब असेल आणि घरात रोज दहा माणसं असतील, तर सेप्टिकला माझी हरकत नाही.

पाखाडीखालचं जुनं घर असेल आणि एकच खड्डा असेल, तर नवी टाकी बांधण्याआधी शेजारी दुसरा खड्डा खणता येतो का ते बघा. खर्च एका खड्ड्याचा आणि एका कुंडीचा. जुन्या खड्ड्याला दोन पावसाळे विश्रांती मिळाली की तोही पुन्हा वापरात येतो. अनुदान मिळणार असेल, स्वच्छ भारत मिशनचं ग्रामीण भागात 12,000 रुपये आहे, तर आराखडा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आधी दाखवा आणि खड्डे झाकण्याआधी फोटो काढून ठेवा.