नोव्हा किट कारची गिअर जोडणी: दुरुस्तीनंतर बरेच महिने चालवून

फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेल्या जुन्या किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग घेऊन जोडलेल्या गाडीत, दुसरा गिअर सापडेनासा झाला, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी तपासा. इथे इंग्लंडमध्ये माझी नोव्हा बघून एका गॅरेजवाल्याने थेट गिअरबॉक्स उघडायला सांगितलं होतं. झिजलं होतं ते एक बुश (रॉड ज्यातून सरकतो ती नळी) आणि एक रबरी कपलर (रॉड आणि गिअरबॉक्स जोडणारा सांधा). दोन्ही बदलून अख्खा हिवाळा आणि उन्हाळा गाडी चालवली, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

नोव्हा आली 1971 मध्ये, डिझाइन रिचर्ड ओक्स यांचं. दरवाजे नाहीत, सगळं छप्परच वर उचललं जातं. फायबरग्लासची बॉडी कितीही देखणी असली तरी खाली साधी बीटल आहे: इंजिन मागे, त्याच्या पुढे गिअरबॉक्स, आणि दोघांपासून लांब गिअरचा दांडा. चासीच्या मधल्या टनेलमधून (पोकळ कण्यातून) जाणारा मीटरभराहून लांब रॉड दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडतो. पुढे तो एका प्लास्टिकच्या बुशमध्ये सरकतो, मागे कपलरला अडकतो. बुश गेलं की रॉड खडखडतो आणि हाताची निम्मी हालचाल वाटेतच जिरते. कपलरचं रबर फाटलं की गिअर पडला की नाही हेच कळत नाही.

काम अवघड नाही, किचकट आहे. बीटलमध्ये कपलरसाठी मागच्या सीटखाली झाकण असतं. माझ्या गाडीत ते कोणीतरी कार्पेट चिकटवून बुजवलं होतं. कपलरचा चौकोनी डोक्याचा स्क्रू रॉडवरच्या खळग्यात नेमका बसला पाहिजे आणि त्याला तार बांधलीच पाहिजे. तो ढिला झाला तर भर रस्त्यात एकही गिअर हाती लागणार नाही. बुशसाठी दांडा काढायचा, कपलर सोडायचा आणि रॉड सरकवून बुशमधून मोकळा करायचा. नवं बुश दांड्याच्या भोकातून हात घालून, चाचपडत बसवावं लागतं. भरपूर ग्रीस लावा, घाई करू नका.

दांड्याखालच्या पट्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि मला तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिचा उंचवटा वर आणि उजवीकडे हवा. दांड्याची मूठ डावीकडे नेली की खालचं टोक उजवीकडे जातं आणि त्या उंचवट्याला अडतं. दांडा खाली दाबल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही तो यामुळेच. ही कड झिजली असेल तर दुसरा गिअर टाकताना रिव्हर्सला कर्रर्र आवाज येतो. पट्टी बदला, मग दांड्याचे दोन्ही बोल्ट ढिले ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये जागा जुळवून आवळा. मी यावर अख्खी दुपार घालवली आणि ती सार्थकी लागली.

आता निकाल. बुशने सर्वाधिक फरक पडला: खडखड पूर्ण थांबली, ती आजतागायत परत आलेली नाही. कपलरमध्ये मी रबराऐवजी युरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) घातलं. गिअर खटकन, नेमका पडतो. घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना फार समाधान मिळतं. पण गिअरबॉक्सचा गुणगुणाट आता थेट दांड्यातून हाताला लागतो, मोटरवेवर जास्तच. लांबचे प्रवास करणाऱ्यांनी चांगल्या प्रतीचं रबरी कपलरच घ्यावं. मी मात्र युरेथेनच ठेवणार. ही गाडी मी वळणांसाठीच घेतली आहे.

इतकं करूनही अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर निसटत असेल, तर गिअरबॉक्सच्या नाकाचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, रबरी माउंटिंग बघा. ते दबून खचलं की गिअरबॉक्स जागचा हलतो आणि जुळवलेली जोडणी पुन्हा बिघडते. कपलरची तार मी दर ऑइल बदलाला तपासतो. झाकणाच्या जागचं कार्पेट आता चिकटवलेलं नाही, वेल्क्रोवर आहे.