कास्तेल सांतांजेलो: गच्चीवर धावत जाऊ नका, आधी उतार बघा

रोममध्ये चार दिवस हाताशी असतील तर त्यातली एक अख्खी दुपार या जागेला द्या. आम्ही दीड तासाचा हिशोब करून गेलो होतो, बाहेर पडलो ते साडेतीन तासांनी.

मी आणि बाबा, दोघंच होतो. बाबा चौऱ्याहत्तरचे, उजवा गुडघा दुखरा, पण आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात गेलेलं. सम्राट हेड्रियनने स्वतःसाठी बांधायला घेतलेली ही समाधी १३९ साली, त्याच्या मृत्यूनंतर पुरी झाली. पुढे तिचा किल्ला झाला, मग पोपचं निवासस्थान, तुरुंग आणि आता संग्रहालय. एवढं वाचून गेलो होतो. आत मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्या जुन्या उतारावर.

दारातून आत शिरलं की गोल फिरत वर चढणारा रोमन काळातला उतार लागतो. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी, पायऱ्या नाहीत, चढ अगदी सावकाश. उजेड कमी. बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तिथेच थांबले. "हे बघ, किती बारीक सांधे आहेत विटांचे. आणि ही भोकं बघितलीस? संगमरवराच्या पाट्या अडकवायची आहेत." तो संगमरवर कधीच उपटून नेलाय, जमिनीवर मोझेकचे थोडे तुकडे उरलेत. आमच्या शेजारून दोन मोठे गट भराभर वर निघून गेले. मला खरंच वाईट वाटलं, कारण मूळ समाधी आहे ती इथेच.

उतार संपला की अस्थिकलशांचं दालन. हेड्रियनपासून काराकालापर्यंतच्या सम्राटांच्या अस्थी या समाधीत होत्या, आज इथे एकही कलश नाही. हेड्रियनने शेवटच्या दिवसांत रचल्या असं मानतात त्या ओळी भिंतीवर कोरून लावल्यात. आपल्या जिवाला तो देहाचा पाहुणा म्हणतो आणि आता कुठे जाशील म्हणून विचारतो. बाबांनी मला अर्थ दोनदा सांगायला लावला.

पुढे देवदूताच्या चौकात दगडी तोफगोळ्यांचे ढीग आणि शिल्पकार राफाएलो दा माँतेलुपोचा संगमरवरी देवदूत, त्याचे पंख धातूचे. पोप तिसऱ्या पॉलच्या दालनात मान मोडेपर्यंत वर बघावं इतकी चित्रं आहेत. एका भिंतीवर रंगवलेल्या दारातून माणूस आत येतोय. लांबून मला ते दार खरंच वाटलं. शस्त्रांची दालनं आम्ही भरभर उरकली.

तिकिटाबद्दल एक कळकळीने सांगते. मी घाईत एका मध्यस्थ संकेतस्थळावरून 'रांग टाळा' म्हणून तिकिटं काढली. बरेच जास्तीचे पैसे गेले आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत सगळ्यांबरोबर उभं राहावं लागलंच. तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. सोमवारी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत, त्यामुळे वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो दिवस टाळलेला बरा. उताराच्या पुढे पायऱ्या बऱ्याच आहेत, काही अरुंद. गुडघ्याचा पट्टा आणि चांगल्या तळाचे बूट हवेतच.

गच्चीवर डोक्यावर ब्राँझचा देवदूत मिखाएल, तलवार म्यान करताना. ५९० सालच्या महामारीत पोप ग्रेगरीला तो इथे असा दिसला आणि साथ ओसरली, अशी आख्यायिका; किल्ल्याचं नाव त्यावरूनच, सांतांजेलो म्हणजे पवित्र देवदूत. समोर सेंट पीटर चर्चचा घुमट, खाली टायबर नदी आणि देवदूतांचा पूल. बाबांना मात्र पासेत्तो बघायचा होता, व्हॅटिकनपासून किल्ल्यापर्यंत आलेला तटावरचा मार्ग. १५२७ मध्ये रोम लुटलं जात असताना पोप सातवा क्लेमेंट त्यावरूनच पळत इथे आला. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ त्या तटावरून बोट फिरवत होते. "आठशे मीटर," ते म्हणाले. "मागे सैन्य, आणि अंगावर ते पायघोळ कपडे."

मग ते तिथेच पायरीवर बसले, गुडघा चोळत, आणि म्हणाले, जाताना त्या विटा परत बघू.