खटक्याची छत्री: अंगावर येणाऱ्या मोकळ्या कुत्र्यांपुढे काही महिने वापरल्यानंतर

ही छत्री मी माझ्या कुत्रीसाठी, चिंगीसाठी घेतली. आम्ही फिरायला निघालो की पट्ट्याशिवाय सोडलेलं एखादं कुत्रं थेट अंगावर येतं, त्याला अडवायला. खटका दाबला की झटक्यात उघडणारी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची, उघडल्यावर साधारण मीटरभर रुंद. बरेच महिने रोज सोबत आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते: जी काही साधनं आम्ही वापरून पाहिली, त्यांत सगळ्यात जास्त वेळा हीच कामी आली.

कुत्र्यांमध्ये बरंचसं बोलणं अंतरावरून होतं. दोन मोकळी कुत्री भेटतात तेव्हा सहसा वळसा घेऊन, मान जरा वळवून जवळ येतात, आणि ज्याला भेट नको ते निघून जातं. पट्ट्यातल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. त्यात आपण धास्तावून पट्टा आखडला की तेही ताठतं, गुरगुरतं, आणि समोरच्याला निमित्त मिळतं. म्हणून मला असं साधन हवं होतं जे कुणाला इजा न करता दोघांच्या मधे उभं राहील.

एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे छत्री नक्की काय करते ते कळेल. वळणावरून एक मोठं कुत्रं सरळ रेषेत आलं. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, नजर चिंगीवर रोखलेली. पाठीवरचे केस उभे होते, पण तेवढ्यावरून मी कधीच ठरवत नाही, कारण नुसत्या उत्साहानेही ते उभे राहतात. सरळ धाव आणि रोखलेली नजर एकत्र दिसली की मात्र थांबून बघायला वेळ नसतो. चिंगीला मागे घेतलं, छत्री खाली, त्याच्या तोंडाच्या उंचीवर धरली आणि खटका दाबला. फटकन आवाज झाला आणि त्याला चिंगी दिसेनाशी झाली. डांबरावर नखं घासत ते थांबलं, मग डावीकडून वळसा घ्यायला लागलं. मीही छत्री त्याच्यासोबत फिरवत राहिले. छत्री त्याच्या अंगात खुपसायची नाही, फक्त मधे ठेवायची. चिंगी माझ्या पोटरीला चिकटून उभी होती, तिची धाप माझ्या कपड्यांमधून जाणवत होती. त्याचा मालक लांबून ओरडत होता, "काही करत नाही तो!" त्याने येऊन त्याची मान धरेपर्यंत मधलं कापड पुरलं. छत्रीचं काम एवढंच, थोडा वेळ मिळवून देणं.

पण हे जमतं ते सरावामुळे, आणि हा भाग कुणी टाळू नये. खटक्याच्या आवाजाने आपलंच कुत्रं बिथरलं तर पट्टा सुटण्याचा धोका नव्याने उभा राहतो. चिंगीला आधी घरात जमिनीवर उघडी ठेवलेली छत्री हुंगू दिली, भोवती खाऊ टाकला. मग शेजारच्या खोलीतून खटक्याचा आवाज ऐकवला. मग तिच्यासमोर हाताने सावकाश उघडली, आणि सगळ्यात शेवटी खटक्याने. प्रत्येक वेळी खाऊ माझ्या पायांमागे. आता छत्री उघडली की ती आपणहून मागे येते. माझ्या मते ही सवय छत्रीपेक्षाही मोलाची आहे.

इतर साधनांबद्दलही बरेच जण विचारतात. सिट्रोनेलाचा, म्हणजे गवती चहासारख्या उग्र वासाच्या तेलाचा फवारा मी अजूनही कमरेला लावते. कुतूहलाने किंवा दांडगाईने येणाऱ्या कुत्र्याला तो बऱ्याचदा थोपवतो, पण इरेला पेटलेल्याला नाही. वारा आपल्याकडे असेल तर तो आपल्याच नाकात येतो. मिरचीच्या फवाऱ्यात हाच धोका जास्त तीव्र, त्यामुळे तो मी घेतलाच नाही. चिंगीच्या डोळ्यांत गेला तर ऐन वेळी ती आंधळी होईल. माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारं यंत्रही पाहिलं. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, कुत्र्याचा 45 पर्यंत जातो, त्यामुळे कल्पना पटते. प्रत्यक्षात काही कुत्री कान टवकारून पुढे येतच राहिली, आणि दचकली ती चिंगी. मी ते वापरणं बंद केलं. भोंग्याचंही तसंच, शंभर डेसिबलच्या वरचा आवाज तिच्या कानापाशी करायला माझं मन धजत नाही. मूठभर खाऊ समोरच्याच्या पुढ्यात फेकणं मात्र जरूर करून बघावं. नुसतं भेटायला आलेलं कुत्रं त्यात गुंतून जातं.

पट्टा मी सरळ, ठरावीक लांबीचाच ठेवते, दीड ते पावणेदोन मीटरचा. आपोआप लांबणाऱ्या बारीक दोरीने ओढाताणीत बोटं कापतात, आणि कुत्रं हवं तेव्हा जवळ घेता येत नाही. पाठीवर मूठ असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, घेतल्यापासून चिंगीला झटकन मागे ओढता येतं, गळ्याला हिसका बसत नाही. पट्टा कमरेला बांधून चालायची पद्धत अशा रस्त्यांवर नकोच. तोल गेला तर दोघंही खाली.

आता छत्रीच्या उणिवा. ती एका बाजूला पुरते. दोन कुत्री दोन दिशांनी आली की तिचा उपयोग निम्म्यावर येतो, तेव्हा मी भिंत किंवा उभी गाडी पाठीशी घेते. जोराच्या वाऱ्यात ती उलटी होते. काळ्या कापडामागे समोरचं कुत्रं आपल्यालाही दिसत नाही, हा मला सगळ्यात खटकलेला दोष. पुढच्या वेळी एक पट्टी तरी पारदर्शक असलेली घेईन. घडीची छत्री या कामाला नको, तिचा दांडा दाबाखाली मिटतो. आणि एकदा दातांनी पकड घेतली की छत्रीचा काहीच उपयोग नाही. त्या वेळी तोंडाजवळ हात घालू नये आणि पकडलेलं कुत्रं ओढू नये, जखम फाटते. दोन माणसं असतील तर दोघांनी एकेका कुत्र्याचे मागचे पाय उचलून धरावेत, पकड सुटली की मागे सरकावं, आणि दोन्ही कुत्री लगेच लांब न्यावीत.

चावा दिसायला बारीक भोकासारखा असतो, आतलं मांस मात्र बरंच फाटलेलं असू शकतं. "एवढंसं तर आहे" म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. माणसाला चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही, लस मात्र वेळेत घेतली तर वाचवते.

माझ्या छत्रीची एक काडी वाकली आहे, कडेला दातांनी फाटलेला कापडाचा तुकडा लोंबतो, खटका अजून पहिल्यासारखाच चालतो. घेणार असाल तर फायबरच्या काड्यांची बघा, त्या वाकल्या तरी परत सरळ होतात. आणि दुकानातच अंगठ्याने खटका दाबून पाहा, दुसऱ्या हातात पट्टा असल्याची कल्पना करून. दोन हात लागत असतील तर ती छत्री या कामाची नाही.