गावतलाव बरा की बोअर?

नागपूर जिल्ह्यात पाणीटंचाई आली की पहिली मागणी बोअरची. गाडी येते, रात्रीतून पाणी लागतं. पण काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे जमिनीखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. पाणी मावतं ते फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात. शेजारच्या संत्राबागेत आणखी खोल बोअर गेली की गावाचा हातपंप कोरडा. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे राज्याच्या १९९३ च्याच भूजल कायद्यात होतं. टेप घेऊन बांधावर मोजायला जातो कोण!

तलावाचं पाणी थेट पिता येत नाही, शिवाय मे महिन्याच्या ४५ अंशांत बरंच उडून जातं. त्याची खरी कमाई पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खालच्या अंगाला असते: पाझरामुळे तिथल्या विहिरी उशिरापर्यंत तग धरतात. म्हणून नळयोजनेची विहीर तिथंच घ्यावी आणि बोअर अडीअडचणीला ठेवावी, असं माझं मत.

गाळ काढायचा खर्च मात्र टळत नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. हलक्या जमिनीचे शेतकरी तो गाळ आनंदाने नेतात.