जुना पीसी द्यायचाय: रिसेट, क्लीन ऑल की सिक्युअर इरेज?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ज्यांच्या मशीनवर ११ बसत नाही ते आता जुना पीसी काढायच्या मागे आहेत, कुणी भाच्याला देतंय, कुणी एक्सचेंजमध्ये. द्या की, पण आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कखाली एचडीडी (फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क) लिहिलंय का एसएसडी (चिपवाली डिस्क) ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

एचडीडीवर नुसता क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं जागेवरच. रिकुव्हा, फोटोरेक असली फुकट सॉफ्टवेअर टाकून कुणीही फोटो परत काढू शकतं. अनोळखी माणसाला मशीन जाणार असेल तर हा पर्याय सोडाच.

विंडोजच्या सेटिंग्जमधलं 'रिसेट धिस पीसी' सगळ्यात सोपं. विंडोज तयार मिळतं, लायसन्स बहुतेक वेळा मदरबोर्डशी बांधलेलं असतं त्यामुळे पुन्हा अ‍ॅक्टिव्हेटही आपोआप होतं. पण दोन गोष्टी बघाव्या लागतात: सेटिंग बदलून 'क्लीन डेटा' ऑन करायचं, ते आधीपासून ऑफ असतं, आणि सगळ्या ड्राइव्हवरचं पुसायचं हेही निवडायचं. आपल्याकडे सी, डी, ई करून ठेवायची सवय, लग्नाचे फोटो आणि आधारचे स्कॅन हमखास डी मध्ये, आणि रिसेट साधा केला तर डी तसाच राहतो! घरातल्याच कुणाला देताय तर रिसेट पुरे.

ओएलएक्सवर वगैरे विकायचा आणि आत एचडीडी असेल तर मी डिस्कपार्टच सांगेन, म्हणजे विंडोजमधलंच कमांड टाइप करून चालवायचं डिस्कचं टूल. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट एफ१० दाबा, कमांडची विंडो उघडेल, तिथे एकेक टाइप करा: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, साइज बघून डिस्क सिलेक्ट, मग क्लीन ऑल. नुसतं 'क्लीन' लिहिलं तर फक्त पार्टिशनची माहिती जाते, 'ऑल' जोडलं की प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. १ टीबीला तीन तास सहज लागतात, जुनी डिस्क असेल तर जास्तच, आणि टक्केवारी वगैरे काही दिसत नाही त्यामुळे अडकलंय असं वाटून बंद करू नका. बाकीच्या हार्ड डिस्क आधी काढून ठेवा, चुकीचा नंबर टाकला तर परत विचारत नाही तो.

डिस्क पुसायला डीबॅन हे फुकट सॉफ्टवेअर खूप जण सुचवतात, पण ते जुनं झालंय, त्याच धाटणीचं श्रेडओएस वापरा. आणि ३५ वेळा पुसायचं भूत डोक्यातून काढा, ते १९९६ च्या आसपासच्या डिस्कसाठी होतं, आताच्या एचडीडीला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिशोबानेही साधारणपणे एकदा पुसणं बास होतं.

एसएसडीला मात्र यातलं काही लावत बसू नका. तिच्यात राखीव जागा असते, तिथपर्यंत ओव्हररायटिंग पोचेलच असं नाही, वर उगाच झीज. कंपनीच्या टूलमधून, सॅमसंग असेल तर मॅजिशियन, किंवा बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) ऑप्शन असेल तर तिथून सिक्युअर इरेज करा, म्हणजे एसएसडी स्वतःच स्वतःला आतून पुसते, बऱ्याचदा काही मिनिटांत आटोपतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, आधीपासून चालू असेल तर चांगलंच, त्याची किल्ली गेली की डेटा वाचता येत नाही.

आणि पीसी चालूच होत नसेल तर यातलं काहीच जमणार नाही, तेव्हा डिस्क काढून घ्या, चार स्क्रू तर असतात, आणि बिनडिस्कचा विका, किंमत थोडी कमी येईल.