दहा पारांचा हट्ट की मरणाचा करार? ज्यूल व्हर्नच्या दोन विनोदी कादंबऱ्या

मराठी वाचकाला ज्यूल व्हर्न भेटतो तो बहुधा शाळेत असताना, भा. रा. भागवतांच्या हातून. चंद्रावर जाणारा, समुद्राच्या तळाशी उतरणारा व्हर्न आपल्या ओळखीचा असतो. पण याच माणसाने पोट धरून हसायला लावणाऱ्या साहसकथाही लिहिल्या आहेत, आणि त्या आपल्याकडे फारशा कुणी उघडलेल्या नाहीत. त्यातल्या दोन मला फार आवडतात: 1879 ची ‘चीनमधल्या एका चिन्याचे हाल’ आणि 1883 ची ‘हट्टी केराबान’ (फ्रेंच नावांचा हा माझा अनुवाद). सध्या एकच वाचायला सवड असेल, तर कोणती?

केराबान हा कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा, तंबाखूचा व्यापारी. पेढी बॉस्फरस सामुद्रधुनीच्या या काठावर, घर समोरच्या काठावर स्कुतारीला. रॉटरडॅमहून आलेल्या फान मिटेन नावाच्या मित्राला घेऊन तो घरी जेवायला निघतो, तर नेमका त्याच दिवशी होडीने पलीकडे जाण्यावर दहा पारांचा नवा कर बसलेला. पारा हे तिथलं छोटं नाणं, चाळीस पारांचा एक पियास्त्र, म्हणजे रक्कम अगदीच चिल्लर. केराबान म्हणतो, देणार नाही. मग घरी कसं जाणार? अख्ख्या काळ्या समुद्राला वळसा घालून! दहा पारा वाचवण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतत, घोडागाडीतून, हजारो किलोमीटरचा हा द्राविडी प्राणायाम सुरू होतो. त्यात ओडेसाला पुतण्याचं लग्न ठरलेलं, नवरीला मावशीचा वारसा हवा असेल तर लग्न ठरावीक तारखेच्या आत लागायला हवं, आणि तिला पळवायला टपलेला एक धनाढ्य खलनायकही आहे.

‘चिन्याचे हाल’चा नायक किन-फो त्याच्या अगदी उलट. शांघायचा श्रीमंत तरुण, काही कमी नाही म्हणूनच कशात रस नाही. बँक बुडाल्याची बातमी येते, तेव्हा तो 2 लाख डॉलरचा आयुर्विमा उतरवतो आणि आपले गुरू वांग यांना सांगतो, मुदतीच्या आत मला मारा, पण कधी ते सांगू नका. निदान मरणाच्या भीतीने तरी मन हलेल! मग कळतं की संपत्ती शाबूत आहे. आता जगायची इच्छा होते, तर गुरुजी बेपत्ता, आणि मारण्याची परवानगी देणारं पत्र भलत्याच्याच हाती.

कथानकाची वीण पाहिली तर किन-फोची कादंबरी सरस आहे. पहिल्याच भागात पेच पडतो आणि तो सैल होत नाही. विमा कंपनीने पाठवलेले क्रेग आणि फ्राय हे जोडीदार एकमेकांची वाक्यं पुरी करत किन-फोच्या सावलीसारखे फिरतात. त्यांची ही माया पॉलिसीच्या मुदतीइतकीच टिकणारी, आणि त्यातच सगळी गंमत. त्या मानाने केराबान मधे मधे रेंगाळतो. गावं, नद्या, प्रांत यांची वर्णनं पानंच्या पानं येतात. ती खुशाल चाळत पुढे जावं, कथेचा धागा तुटत नाही.

तरीही माझं मत केराबानलाच. किन-फोकडे विनोद प्रसंगातून येतो, केराबानकडे तो माणसाच्या स्वभावातून येतो आणि म्हणून आटत नाही. किन-फो नव्या यंत्रांचा भोक्ता, वाग्दत्त वधूला पत्राऐवजी फोनोग्राफवर आवाज पाठवणारा. केराबानला मात्र आगगाडीचा तिटकारा, समुद्राचं वावडं. एकदा नाइलाजाने त्याला आगगाडीत बसावं लागतं, तर कादंबरीचा दुसरा भाग त्याच्या त्या संतापानेच उघडतो. असा ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणणारा काका आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कुठेतरी असतो. शेजारी फान मिटेन, ज्याला कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या हट्टापायी त्याची जी फरफट होते, ती वाचताना हसू येतं आणि जीवही कळवळतो.

एक गोष्ट दोन्हींबाबत खटकते. व्हर्न स्वतः चीनला कधी गेला नव्हता, आणि त्याचा पूर्वेकडचा माणूस बराचसा पुस्तकांतून उचललेला आहे. किन-फोच्या आळशी नोकराला शिक्षा म्हणून त्याची वेणी थोडी थोडी कापली जाते, ते आज वाचवत नाही. केराबानमधली कुर्दी विधवाही थट्टेपुरतीच उरते. एवढं मात्र खरं, की दोन्हीकडे नायक युरोपीय नाही आणि वाचकाचा जीव त्याच्यातच गुंततो.

घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवायची असेल, तर केराबानच घ्या. किन-फोच्या गोष्टीचा पायाच स्वतःचा जीव देण्यावर आहे, ती मोठ्यांनीच वाचावी. दोन्हींचे जुने इंग्रजी अनुवाद आहेत. केराबानचा अनुवाद दोन खंडांत निघाला, ‘द कॅप्टन ऑफ द गिदारा’ आणि ‘स्कार्पांते द स्पाय’ या नावांनी. दुसरा वेगळी कादंबरी समजून सोडू नका. बॉस्फरस ओलांडायचा खरा पेच शेवटच्या प्रकरणांत पुन्हा उभा राहतो, आणि केराबानने त्यावर काढलेला तोडगा वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.