वॉशिंग मशीनचा नळ गळत होता, 10 रुपयांच्या वायसरपायी 4,300 गेले

डोंबिवलीला राहतो आम्ही, चार मजली जुनी सोसायटी, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मागच्या महिन्यात वॉशिंग मशीनच्या नळाला जिथे पाइप लावतात ना, तिथून पाणी गळायला लागलं, आधी थेंब थेंब, मग मशीन पाणी घेत असताना अगदी बारीक धार. आमचे नेहमीचे प्लंबर मामा गावी गेलेले, म्हणून मी नेटवर मशीनच्या कंपनीचं नाव आणि पुढे सर्व्हिस सेंटर डोंबिवली असं टाकलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. माझी चूक झाली ती इथेच. समोरच्या बाईने कंपनीचं नाव घेऊनच नमस्कार केला, मॉडेल विचारलं, व्हिजिट चार्ज 350 सांगितला, मला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

दुपारी एक मुलगा आला, गळ्यात आयकार्ड, बॅग, बोलायला एकदम गोड. नळ बघितला न बघितला आणि थेट मशीन पुढे ओढलं. म्हणाला, "ताई, नळाचा प्रॉब्लेम नाहीये, तुमच्याकडे पाण्याचं प्रेशर जास्त आहे, त्याने आतला, मशीनमध्ये पाणी सोडणारा इनलेट वाल्व गेलाय, आज नाही बदललं तर पाणी बोर्डवर जाईल, मग बारा-पंधरा हजार." सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या करून टाक बाई. मग त्याने मला बादली आणायला पाठवलं, मग फडकं, मग मेन वाल्व बंद करायला, आणि या सगळ्यात पंधरा मिनिटं तो एकटाच मशीनपाशी. मी परत आले तोवर "झालं ताई". जुना वाल्व दाखव म्हटलं तर म्हणे तो कंपनीत जमा करावा लागतो.

इनलेट वाल्व 1,850, नळाला लावलेला प्रेशर वाल्व 1,400, मजुरी 700 आणि व्हिजिट 350. एकूण 4,300. बिल म्हणजे एक छापील कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. पैसे यूपीआयने दिले आणि नाव आलं एका माणसाचं, कंपनीचं नाही. ते बघूनही मी बटण दाबलं याचा मला अजून त्रास होतो.

नऊ दिवस बरं चाललं. दहाव्या दिवशी तिथूनच परत पाणी. त्याचा नंबर बंद. तोवर मामा आले होते गावाहून.

मामांनी नळ बंद केला, पाइपचा नट हातानेच सोडवला. आत टेफ्लॉन टेपचा हा एवढा गोळा. तो काढला आणि नटाच्या आतली रबराची चकती माझ्या तळहातावर ठेवली. काळी, प्लॅस्टिकसारखी कडक झालेली, एका बाजूला चीर. मामांनी नख लावलं तर तुकडा पडला. "वहिनी, हा वायसर गेलाय. या नटाला पाणी वायसर अडवतो, आट्यांवर टेप कितीही गुंडाळा, चार दिवस थांबतं आणि परत गळतं." तो 1,400 चा प्रेशर वाल्व म्हणजे साधा पितळी जोड निघाला, आत पोकळ, काहीच नाही.

मग मशीन फिरवून मागे टॉर्च मारला. झाकणाच्या स्क्रूवर गंज आणि धूळ जशीच्या तशी, पाना लागल्याची एक खूण नाही. म्हणजे मशीन उघडलंच नव्हतं. वाल्व बदलला कुठून?

आणि मुळात इनलेट वाल्व मशीनच्या आत असतो, तो खराब झाला तर मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी भरत राहतं, किंवा पाणी येतच नाही. बाहेर नळाच्या जोडावर गळतंय त्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. प्रेशरचंही तसंच. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार प्रेशर मिळतं, आमच्या नळाला तेवढंच येत असेल, आणि मशीनच्या पुस्तकात 8 बारपर्यंत चालतं असं लिहिलंय. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर त्याला दारातूनच परत पाठवला असता. मामांनी नवीन वायसर टाकला, मशीनच्या तोंडाची जाळी काढून क्षार ब्रशने धुतले, 150 घेतले. नळ आता कोरडा आहे.

नंतर मशीनवरच्या स्टिकरवर जो नंबर आहे त्यावर फोन केला तर त्यांच्याकडे माझी कंप्लेंट नोंदच नाही, त्या तारखेला कोणी पाठवलंच नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार दिली, आणि खोट्या नावाने पैसे घेतले म्हणून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला पण. पण पैसे दिल्याला दहा दिवस होऊन गेले होते, अजून काही परत आलेलं नाही. प्लीज स्टिकरवरचाच नंबर लावा, आणि कोणी काही बदललं तर तिथेच उभं राहून बघा, जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते, त्यांच्या फ्रीजवर त्याच मुलाचं कार्ड चिकटवलेलं दिसलं. गॅस कमी झालाय म्हणून त्यांच्याकडून 2,800 घेऊन गेलाय.